दाजींचा पियानो

शिरूर अनंतपाळात पियानो नाही. लागतही नाही. अनंतपाळाच्या देवळात भजनाला पेटी आहे, मृदंग आहे, टाळांच्या तर जोड्याच्या जोड्या आहेत. लग्नाला बँजो मिळतो, आणि ज्याची ऐपत मोठी नि शेजाऱ्यांवरचा राग जुना, तो डीजे लावतो. या सगळ्यात पियानोवाचून कुणाचं अडलं नव्हतं. तरी गेल्या काही वर्षांत तो गावात शिरला, तोही चाकांवर बसून. नव्या गाडीत गिअरच्या भोवती, स्क्रीनच्या कडेला आणि दारावर काचेच्या बटणांपाशी जे काळंभोर, चकचकीत, तोंड दिसेल असं प्लास्टिक असतं, त्याला शोरूमवाले 'पियानो ब्लॅक' म्हणतात. हार्मोनियम ब्राऊन नावाचा रंग अजून कुणी काढलेला नाही. काढला असता तर बरं झालं असतं. पेटीवर बुवांच्या अंगठीचे पाचपन्नास चरे असले तरी कुणी त्याकडे बघत नाही. उलट पेटी मुरलेली आहे, असं म्हणतात.

आमचे दाजी, म्हणजे आक्काचे मालक, यांनी अशी गाडी घेतली. सोयाबीन, तूर आणि एका पतसंस्थेचं कर्ज अशा तिघांनी मिळून ती घेतली, असं म्हणणं जास्त बरोबर. त्याआधी त्यांच्याकडे जीप होती. जीपचा डॅशबोर्ड लोखंडी होता. त्यावर पाना ठेवा, पक्कड ठेवा, तुरीचं पोतं टेकवा, काही फरक पडत नव्हता. जुन्या मारुती ८०० मधलं प्लास्टिक राखाडी आणि दाणेदार असायचं. त्यावर ओरखडा पडला तरी तो दाण्यांत हरवून जायचा. ते प्लास्टिक दिसायला गरीब होतं, पण कुणाच्या जिवाला घोर लावत नव्हतं. नवं प्लास्टिक मात्र बघण्यासाठी केलेलं आहे आणि बसवलंय नेमकं तिथं, जिथं दिवसभर हात जातात. गिअर टाकताना हात, मोबाईल ठेवताना हात, चिल्लर शोधताना हात. गाडी ज्याने आखली तो माणूस बहुधा कधी गाडीत बसला नसावा; निदान तंबाखू खाणाऱ्या माणसाशेजारी तरी नक्कीच नाही.

पहिला चरा कुणी पाडला यावर घरात दोन पक्ष आहेत. गाडी दसऱ्याला आली. आक्काने औक्षण केलं, बॉनेटवर स्वस्तिक काढलं, चाकांखाली लिंबं ठेवली. गुरुजी म्हणाले, "आतबी एक बोट लावा की." म्हणून गिअरजवळच्या त्या काळ्याशार पट्टीवर हळदीकुंकवाचं बोट उमटलं. त्यावर अक्षता पडल्या, त्यावर आपट्याची पानं आली. एका पक्षाचं म्हणणं, अक्षतांनी चरा पडला. दुसरा पक्ष म्हणतो, दाजींच्या मित्राने चुन्याची डबी तिथं आपटली. माझ्या मते दोन्ही पक्ष चूक आहेत. कुंकू दिसल्याबरोबर दाजींनी डिकीतून टॉवेल काढला, त्या क्षणी खरा गुन्हा घडला.

या टॉवेलाविषयी थोडं सांगितलं पाहिजे. आमच्याकडे लग्नात पुरुषांना टॉवेल-टोपीचा आहेर करतात. टोपी डोक्यावर चढते आणि उतरते, टॉवेल मात्र घरात साठत जातो. दुकानातून आला तेव्हा तो खळीने इतका कडक असतो की घडी मोडताना आवाज येतो. अंग पुसायला तो कुणी वापरत नाही, कारण तो पाणी ओढत नाही, नुसतं इकडून तिकडं सरकवतो. मग हे टॉवेल गाडीच्या डिकीत जातात. त्याच्या काठाला नायलॉनची शिवण असते. अशा टॉवेलाने, कोरड्याने, दाबून, गोल गोल फिरवत पुसणं याला आमच्याकडे गाडीची निगा राखणं म्हणतात. ज्याची गाडी आत रेघोट्यांनी भरलेली दिसेल, तो माणूस निष्काळजी समजू नये. तो अतिशय काळजीवाहू असतो. निष्काळजी माणसाच्या गाडीत नुसती धूळ असते, आणि धुळीखालचं प्लास्टिक शाबूत असतं.

यात काळ्या मातीला विनाकारण दोष दिला जातो. कुणी म्हणतं, "आपल्याकडली मातीच वाईट." माती बिचारी मऊ असते. खनिजांचा कठीणपणा मोजायची एक पट्टी आहे, फ्रीड्रिश मोस नावाच्या जर्मन माणसाने १८१२ साली बसवलेली, एक ते दहा आकड्यांची. आपल्या रेगुर मातीतली चिकणमाती त्या पट्टीवर पहिल्या-दुसऱ्या पायरीला बसते. माणसाचं नख अडीचला. चुना सुकून त्याचा खडू बनला तर तो तीनला. चकचकीत प्लास्टिकही तिथंच कुठंतरी घुटमळतं. पण रस्त्यावरच्या खडीचा भुगा म्हणजे बेसाल्टचा भुगा, तो पाच-सहाला. आणि शेतात नांगराला लागतात त्या गारगोट्या, त्यांची धूळ थेट सातला. ही धूळ खिडकीतून आत येते आणि पट्टीवर शांत बसून राहते. तिला हात लावला नाही तर ती काही करत नाही. टॉवेल येतो, तिला कडेवर घेतो आणि गावभर फिरवून आणतो. पॉलिश पेपर करायला कारखान्यात वेगळं काय करतात?

कोरडं पुसण्याची सवय आमच्या भागाला उगाच लागली नाही, हेही सांगायला हवं. २०१६च्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं. १२ एप्रिलला पहिली गाडी आली तेव्हा तिच्या दहा वाघिणींत पाच लाख लिटर पाणी होतं. त्याआधी पाण्याच्या टाक्यांभोवती जमावबंदी लावली होती. त्या वर्षी कुणी दारात पाइप लावून गाडी धुतली असती तर लोकांनी गाडीसकट त्याला धुतलं असतं. तेव्हापासून डिकीतलं फडकं कोरडंच असतं. घरणी नदीला पाणी आलं तरी ते भिजत नाही.

आता सूर्याचा प्रश्न. लातूर आमच्या पश्चिमेला. सकाळी शिरूरहून लातूरला निघालं की सूर्य पाठीमागे असतो; संध्याकाळी लातूरहून परतलं की पुन्हा पाठीमागेच. डोळ्यांवर ऊन येत नाही म्हणून ड्रायव्हर लोक खूश असतात. दाजी नसतात. कारण ते ऊन मागच्या काचेतून आत शिरतं आणि नेमकं गिअरच्या पट्टीवर पडतं. जाताना अर्धा रस्ता आणि येताना अर्धा रस्ता दाजी चऱ्यांकडे बघतात आणि उरलेला वेळ रस्त्याकडे. आक्का म्हणते, "आवो, म्होरं बगा म्होरं!" दाजी म्हणतात, "म्होरंच बगलालो," आणि मान खाली.

उन्हात त्या पट्टीवर जे दिसतं ते पहिल्यांदा बघणाऱ्याला खरंच चक्रावून टाकतं. सूर्याचं लखलखीत प्रतिबिंब मध्ये, आणि त्याभोवती बारीक बारीक रेघांची गोल गोल जाळी. जागा बदलली की जाळीही सरकते. दाजींना वाटलं, आपण टॉवेल गोल फिरवला म्हणून चरे गोल पडले. मग ते उभे पुसू लागले. जाळी गोलच राहिली. आडवे पुसून पाहिलं. गोलच. शेवटी हा करणीचा प्रकार तर नाही ना, असाही एक विचार घरात येऊन गेला. तेव्हा भाचा लातूरला नीटच्या क्लासला होता. लातूर पॅटर्नमध्ये तयार झालेल्या पोराला प्रश्न विचारला की उत्तर आधी येतं, मग दया. तो म्हणाला, "पप्पा, चरे सगळ्या दिशांनी हायत. प्रकाशाला जे आडवे पडत्यात तेवढेच चमकत्यात, म्हणून गोल दिसतं. बाकीचे हायतच, पण दिसंनात." ही माहिती ऐकून दाजींचं समाधान व्हायला हवं होतं. उलट दिसतात त्यापेक्षा न दिसणारे जास्त आहेत, हे कळल्याने त्यांची झोप गेली.

आणि काळ्यावरच का दिसतात, पांढऱ्यावर का नाही, हेही भाच्याने सांगून टाकलं. पांढरं प्लास्टिक सगळ्या बाजूंनी प्रकाश उधळतच असतं, त्यात एका रेघेची भर पडली तर कुणाला कळणार? गुळगुळीत काळं प्लास्टिक मात्र पडलेला थोडा प्रकाश एकाच दिशेला परतवतं आणि उरलेला गिळून टाकतं. डोळ्यापुढे निव्वळ अंधार असतो. त्यात चरा चारदोन किरण जरी इकडं फेकू शकला तरी तो ठसठशीत उठून दिसतो. दाजी म्हणाले, "म्हंजे लग्नात पांढरी प्यांट घालून जावं का काळी?" भाच्याने क्लासची वेळ झाल्याचं सांगितलं.

मग सुरू झाले उपाय. गावात औषध विचारायला गेलं की प्रत्येकजण डॉक्टर असतो, हे गाडीच्या बाबतीतही खरं. शेजारच्या आण्णांनी टूथपेस्ट सुचवली. टूथपेस्टने दात घासले जातात कारण तिच्यात खडूसारखी किंवा वाळूच्या जातीची बारीक पूड असते. त्या पुडीने बारीक चरे घासून निघतात, हे खोटं नाही. पण जिथं घासलं तिथं धुरकट पट्टा उमटतो. दाजींच्या पट्टीवर असा एक रुपयाएवढा धूसर ढग आला आणि गाडीत पुदिन्याचा वास आला. मग कुणीतरी म्हणालं, रॉकेल मारा. सुदैवाने रॉकेल मिळालं नाही. कुणी स्पिरिट सांगितलं. प्लास्टिक अ‍ॅक्रिलिकचं असेल तर स्पिरिटने त्याला केसाएवढ्या भेगा पडू शकतात, आणि त्या मात्र कुठल्याच पॉलिशने जात नाहीत. दुकानात डॅशबोर्ड चमकवायचा फवारा मिळतो, तोही येऊन गेला. त्याने पट्टी इतकी चमकली की दाजींना तिच्यात स्वतःचे पांढरे केस दिसले. दोन दिवसांत त्या तेलकट थरावर धूळ येऊन चिकटली आणि पुन्हा टॉवेल बाहेर आला.

सगळ्यात भारी उपाय आक्काचा होता. तिने बोटाच्या टोकावर खोबरेल तेल घेतलं आणि पट्टीवर हलकं फिरवलं. चरे गेले! दाजी बघतच राहिले. एवढी टूथपेस्ट, एवढे फवारे, आणि घरातल्या बाटलीत औषध! भाच्याला फोन लागला. भाचा म्हणाला, खोबरेल तेलाचा अपवर्तनांक साधारण १.४५, अ‍ॅक्रिलिकचा १.४९. दोन्ही जवळजवळ सारखे, म्हणून तेलाने भरलेली चीर प्रकाशाला चीर वाटतच नाही. तो सरळ निघून जातो. आक्काला अपवर्तनांक कळला नाही, पण आपलं बरोबर निघालं एवढं कळलं, आणि पुढे बरेच दिवस घरात कुठल्याही विषयावर तिचंच चाललं. तेल संध्याकाळपर्यंत टिकलं. उजेड गावाला महात्मा गांधींच्या नावाने जानेवारीत यात्रा भरते, तिथं गाडी जाऊन आली आणि तेलावर यात्रेतली धूळ बसून पट्टीचं थालीपीठ झालं.

अखेर गाडी रस्त्यावरच्या वॉशिंग सेंटरला गेली. तिथला पोरगा वयाने लहान, पण डोळ्यांत एखाद्या जुन्या वैद्याचा तुच्छभाव. त्याने पट्टीकडे पाहिलं, दाजींकडे पाहिलं आणि विचारलं, "काशानं पुसलालाव?" दाजींनी टॉवेल दाखवला. पोराने तो दोन बोटांनी उचलला आणि लांब ठेवला.

नंतर त्याने जे केलं ते मी शेजारच्या सीटवर बसून पाहिलं, आणि खरं सांगतो, त्यात ताकदीचं काम काहीच नव्हतं. आधी ब्लोअरने फुंकर. हात न लावता जेवढी धूळ जाईल तेवढी. बटणांच्या खाचांत मऊ ब्रश. मग ओल्या मायक्रोफायबरने, न दाबता, एकाच दिशेला एक फेर. फडकं उलटं करून दुसरा फेर. मग ते फडकं बाजूला. मायक्रोफायबर म्हणजे पॉलिएस्टर आणि नायलॉनचे चिरलेले तंतू, ते धूळ आपल्यात ओढून धरतात, असं तो म्हणाला. पण ते जमिनीवर पडलं की त्याचा टॉवेल होतो, असंही म्हणाला. मग पट्टीच्या कडेने पेंटर लावतात ती कागदी टेप. कारण पॉलिश खाचेत शिरून वाळलं की पांढरं दिसतं, आणि ते काढायला टाचणी घातली की नवा चरा पडतो. मग मोबाईलचा टॉर्च तिरपा धरला आणि नखाचं टोक एकेका रेघेवरून फिरवलं. "ज्यात नख आडकतंय ती जायची न्हाई. तिचं नाव घिऊ नका." अशा दोन निघाल्या. त्या दाजींनी लगेच ओळखल्या: एक अंगठीची, एक किल्ल्यांच्या जुडग्याची.

उरलेल्या चऱ्यांवर स्पंजच्या तुकड्याला मुगाएवढं बारीक पॉलिश लावून तो हलक्या हाताने, छोट्या छोट्या टप्प्यात चोळू लागला. पॉलिशमध्ये अ‍ॅल्युमिनाची इतकी बारीक पूड असते की बोटांत चुरली तरी कळत नाही. ती पूड चरा भरत नाही. चऱ्याच्या दोन्ही काठांचं प्लास्टिक झिजवून सगळं एका पातळीला आणते. म्हणजे चरा काढायचा तर त्याच्या आजूबाजूचं सगळं त्याच्याएवढं खोल न्यायचं. ग्रामपंचायतीतला वाद मिटवायची आपल्याकडची पद्धत याहून फार वेगळी नाही. मध्येच तो थांबायचा, बोट टेकवून पट्टी गरम तर झाली नाही ना बघायचा. गरम झालेलं प्लास्टिक मऊ पडतं आणि पुसता पुसता ओढलं जातं. मशीन लावणार का, असं दाजींनी विचारलं तेव्हा त्याने नकारार्थी मान हलवली. "गाडीच्या पत्र्यावर रंग नि लॅकरचा थर असतुय. इथं काय हाय? साच्यातून निघालेलं प्लास्टिक. चकाकी साच्याची हाय, ह्याची न्हवं." हे वाक्य मला फार आवडलं. खऱ्या पियानोवर लाखेचे किंवा पॉलिएस्टरचे थरावर थर चढवून घासायची रीत होती आणि आहे. आपल्या गाडीतल्या पियानोने ती तपश्चर्या केलेलीच नाही. तो आरशासारख्या घासलेल्या पोलादी साच्यातून एका दमात चमकत बाहेर पडतो.

स्क्रीनला मात्र त्याने हात लावला नाही. तिच्या काचेवर वेगळा लेप असतो, तो पॉलिशने उतरतो आणि मग बोटांचे ठसे कायमचे मुक्कामाला येतात.

काम झाल्यावर पट्टी खरोखर नवी दिसली. त्या दोन रेघा होत्या, पण आता त्या एकट्या पडल्या होत्या. दाजींनी खिशातून रुमाल काढला. पोराने हात धरला.

घरी आल्यावर दाजी गप्प होते. जेवताना एकदम म्हणाले, "पांडुरंगाला केलं की!" दाजी माळकरी आहेत, त्यांची उदाहरणं तिथूनच येतात. पंढरपुरात विठ्ठलाच्या पायांवर डोकं ठेवून दर्शन घ्यायची रीत. लाखो हात, लाखो कपाळं. त्या स्पर्शाने आणि अभिषेकांनी मूर्ती झिजते, म्हणून पुरातत्त्व खात्याचे रसायनतज्ज्ञ तिला अधूनमधून वज्रलेप करतात. २०२० साली कोरोनामुळे मंदिर भाविकांसाठी बंद असताना, आषाढीच्या आधी, तो केला होता. कोल्हापूरच्या अंबाबाईच्या मूर्तीलाही २०१५ साली असं संवर्धन झालं, आणि त्यावरचे वाद पुढे कितीतरी वर्षं गाजत राहिले. दाजींचं म्हणणं एवढंच, की काळी वस्तू, तिला सगळ्यांचे हात, आणि नाही म्हणायची सोय नाही. अशा वेळी देवालाही लेप लागतो. मग सोयाबीनवर घेतलेल्या गाडीला का नको? यावर आक्का म्हणाली, देवाचं आणि गिअरचं एकत्र बोलू नये. पण विचार पक्का झाला होता.

तशी ही आपली जुनीच विद्या आहे. आपल्याकडे टीव्हीचा रिमोट पिशवीत राहतो, सोफ्यावर कव्हर आणि कव्हरवर चादर असते, नव्या गाडीच्या सीटवरचं प्लास्टिक आपण होऊन फाटेपर्यंत कुणी काढत नाही. खरा सोफा कसा दिसतो ते पाहुण्यांना सोडा, घरच्यांनाही ठाऊक नसतं. दाजींनी नवी गाडी आली त्या दिवशी हौसेने सगळ्या पट्ट्यांवरची कंपनीची फिल्म ओढून काढली, हाच त्यांचा खरा बंडखोरपणा म्हणायचा. घराण्यात असं आधी कुणी केलं नव्हतं.

बसस्थानकाजवळ मोबाईलला स्क्रीनगार्ड लावणारं एक दुकान आहे. तिथला पोरगा गाडीचंही लॅमिनेशन करून देतो. त्याने पारदर्शक फिल्म कापली, पट्टीवर साबणाचं पाणी फवारलं, फिल्म सरकवत बसवली आणि प्लास्टिकच्या कार्डाने मधून कडेकडे बुडबुडे हुसकले. एक बुडबुडा राहिला. "दोन दिसांत बसंल," म्हणाला. बसला. नगरपंचायतीच्या निकालाच्या दिवशी गाडीत आतपर्यंत गुलाल आला, तो फिल्मवरून ओल्या फडक्याने अलगद निघाला. दाजी महिनाभर मोकळे, हसतमुख होते. म्होरं बघून गाडी चालवत होते.

मग एका सकाळी लातूरला जाताना ऊन मागच्या काचेतून आत आलं आणि फिल्मवर एक बारीक, पांढरी, स्वच्छ रेघ दिसली. दाजींनी गाडी तिथंच वळवली. दुकानातल्या पोराने टॉर्च धरला, नख फिरवलं आणि हसला.

"दाजी, काई झालं न्हाई. चरा वरच्या लॅमिनेशनला हाय. खालचं एकदम नवं हाय बगा."

दाजींनी बराच वेळ पट्टी न्याहाळली.

"मग ह्याच्यावर अजून एक बसीव."